आधी रिजेक्ट झालेला इंटरव्ह्यू फॉर्ममध्ये लिहायचा का?

प्राजक्त सडा
नमस्कार मंडळी, धागा काढायला जरा संकोच वाटत होता पण शनिवारपर्यंत फॉर्म भरायचाय आणि घरात विचारावं तर आई म्हणते खरं ते लिही, नवरा म्हणतो आपणहून सांगायची काय गरज, म्हणून इथे लिहितेय.

मी पुण्यात सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये आहे, ७ वर्षं झाली, त्यातली शेवटची ४ ऑटोमेशनमध्ये, म्हणजे कोड लिहून तपासणी करण्यात. ९ फेब्रुवारीला खराडीच्या एका कंपनीत नोकऱ्या लावून देणाऱ्या एका कन्सल्टन्सीतर्फे इंटरव्ह्यू दिला होता. पहिला राउंड छान गेला. दुसऱ्यात एपीआय टेस्टिंगवर (दोन सॉफ्टवेअरमधली देवाणघेवाण तपासणं) अडकले, म्हणजे पार अडकले, समोरच्यांनी स्क्रीन शेअर करून कोड लिहायला सांगितला आणि माझ्याच्याने साधा लूप धड लिहवेना, आदल्या रात्री मुलीला १०३ ताप होता आणि मी जेमतेम दोन तास झोपले होते. रिजेक्टचा मेलसुद्धा आला नाही, आठवड्याने कन्सल्टन्सीवाल्याने फोनवर सांगितलं, "मॅडम, फीडबॅक निगेटिव्ह आहे."

आता त्याच कंपनीत दुसऱ्या टीमला जागा निघालीय, माझ्या कामाशी अगदी जुळणारी, आणि कॉलेजची मैत्रीण तिथे आहे ती रेफर करतेय. तिने पाठवलेली लिंक उघडली, रिझ्युमे चढवला, तिसऱ्या पानावर प्रश्न आला : गेल्या ६ महिन्यांत आमच्या कंपनीत मुलाखत दिली आहे का? होय / नाही. होय केलं की खाली रकाना उघडतो, कधी, कोणत्या पदासाठी, निकाल काय. आणि सगळ्यात शेवटी डिक्लेरेशन, की वरील माहिती खरी आहे, खोटी आढळल्यास नोकरीवर घेतल्यानंतरही काढून टाकता येईल. ब्राउझरचा तो टॅब तीन दिवस तसाच उघडा आहे.

परवा त्या कन्सल्टन्सीवाल्याचा दुसऱ्याच कामासाठी फोन आला तेव्हा त्याला विचारलं तर म्हणाला, नवीन ईमेल काढा, मिस्टरांचा नंबर द्या, नाही वर टिक करा आणि तुमचा प्रोफाइल मीच परत टाकतो, कोण बघतंय.

आणखी एक. मागच्या आठवड्यात दुसऱ्या एका एजन्सीच्या रिक्रूटरने फोनवर विचारलं की सध्या कुठे कुठे इंटरव्ह्यू चालू आहेत, कुठे रिजेक्ट झालात, कंपन्यांची नावं सांगा. मी सगळं सांगून टाकलं. तेव्हापासून मनात येतंय की हे सांगायला हवं होतं का?

खराडी बायपास
मी ११ वर्षं भरतीच्याच बाजूला आहे, आधी कन्सल्टन्सीत आणि आता कंपनीत, त्यामुळे दोन्हीकडचं सांगतो.

ताई, नवीन ईमेलवाला सल्ला अजिबात ऐकू नका. आमच्या सिस्टीममध्ये उमेदवार आधी ईमेल आणि मोबाइलवरून ओळखला जातो, ते दोन्ही बदलले तर सुरुवातीला खरंच कळत नाही, तुमचा इंटरव्ह्यू होईल, सिलेक्शन पण होईल. पण ऑफर द्यायच्या आसपास पॅन, आधार, यूएएन (पीएफचा कायमचा नंबर), जुन्या पगाराच्या स्लिपा असं सगळं अपलोड करायला लावतात आणि तिथे जुना रेकॉर्ड आणि नवीन रेकॉर्ड शेजारी शेजारी येऊन उभे राहतात. माणसाच्या लक्षात नाही आलं तरी डुप्लिकेट म्हणून लाल खूण येते. तोपर्यंत तुम्ही राजीनामा दिलेला असतो. मला यातली हीच गोष्ट सगळ्यात भयंकर वाटते, खोटं पकडलं जातं ते अशा वेळी की मागे फिरायला वाट नसते.

आणि "मीच परत टाकतो" का म्हणाला ते पण सांगतो. कन्सल्टन्सीला साधारण वर्षाच्या सीटीसीच्या, म्हणजे ठरलेल्या एकूण वार्षिक पगाराच्या, ८.३३ टक्के मिळतात, म्हणजे एका महिन्याचा पगार. कोणी तुमचा प्रोफाइल पाठवला की ठरावीक काळ, बऱ्याच ठिकाणी ६ महिने, काही ठिकाणी वर्षभर, तुम्ही त्याच्या खात्यावर असता. तुमचा जुना रेकॉर्ड रिजेक्ट होऊन पडलाय, त्यातून त्याला काही मिळणार नाही, नवीन ईमेलने नवीन रेकॉर्ड तयार झाला की परत त्याचा हक्क. त्याचा महिन्याचा पगार, तुमची सही. याच कारणाने मैत्रिणीला पण आधीच सांगून ठेवा, तिचं रेफरल "आधीपासून सिस्टीममध्ये" म्हणून परत येऊ शकतं आणि तिला बोनस मिळणार नाही, तिला ते नंतर कळलं तर वाईट वाटेल.

कूलिंग पिरियड, म्हणजे नाकारल्यावर परत अर्ज करता येत नाही तो काळ, प्रत्येक कंपनीचा वेगळा. ३ महिने, ६ महिने, वर्ष. कुठे पूर्ण कंपनीला लागू, कुठे फक्त त्याच पदाला. दुसऱ्या टीमच्या मॅनेजरने लिहून दिलं तर सूट पण मिळते, मी स्वतः अशी सूट मागून घेतलीय. पण सूट मागायला आधी "होय" लिहिलेलं लागतं ना.

कोरा कागद
माझं मत वेगळं आहे आणि मनापासून सांगतेय. मी २०१९ मध्ये "नाही" लिहिलं होतं. पाच महिन्यांपूर्वी त्याच कंपनीत पहिल्याच राउंडला बाहेर पडले होते, २० मिनिटांचा फोन होता फक्त. परत अप्लाय केलं, लागली नोकरी, आजही तिथेच आहे, दोन प्रमोशन झाली.

कंपन्या आपल्याला काय सांगतात हो? रिजेक्टचा मेल नाही. का नाकारलं ते नाही. ती जागा आधीच आतल्या माणसाने भरली होती का ते नाही. पगाराचा आकडा शेवटपर्यंत नाही. आपण मात्र मागच्या वेळी कुठे चुकलो ते रकान्यात लिहून द्यायचं? त्या रकान्यात "रिजेक्ट" हा शब्द लिहिला की समोरचा माणूस पुढचं काही वाचत नाही, हा माझा अनुभव आहे. टेस्टिंगवाल्या बाईचा एक वाईट दिवस तिच्या ७ वर्षांपेक्षा मोठा होतो.

खराडी बायपास
@कोरा कागद, तुमचा राग मला मान्य आहे, रिजेक्टचा मेल न पाठवणं ही आमच्या लोकांची लाजिरवाणी सवय आहे, मी आमच्याकडे भांडून ती बंद केली. पण २०१९ आणि आता यात फरक पडलाय. तेव्हा फोन स्क्रीनिंगची नोंद बऱ्याचदा रिक्रूटरच्या एक्सेल शीटमध्ये असायची आणि तो सोडून गेला की शीटपण गेलं. आता लिंकवर क्लिक केल्यापासून सगळं सिस्टीममध्ये असतं.

तीन ताल
माझ्या धाकट्या भावाचं सांगते, म्हणजे कोणी हलक्यात घेणार नाही.

तो लातूरहून पुण्याला आला, एका कंपनीत ३ वर्षं केली, मग दुसरीकडे सिलेक्शन झालं. चांगली ४० टक्के वाढ. त्या फॉर्ममध्ये असाच प्रश्न होता आणि त्याने "नाही" लिहिलं, आणि खरं सांगते त्याला ते खोटं वाटलंच नव्हतं, कारण पाच महिन्यांपूर्वी त्याने त्यांची फक्त ऑनलाइन टेस्ट दिली होती, ९० मिनिटांची, कोणाशी बोलणं झालंच नव्हतं. टेस्ट म्हणजे इंटरव्ह्यू नाही असं त्याच्या डोक्यात. प्रश्न मात्र नीट वाचला तर "निवड प्रक्रियेत सहभाग" असा होता.

९० दिवसांची नोटीस. ६१ दिवस झाले होते. लॅपटॉप परत द्यायची तारीख ठरली होती, टीमने केक आणायचं ठरवलं होतं. पॅन अपलोड केलं आणि चौथ्या दिवशी मेल, माहितीत विसंगती आढळल्याने ऑफर मागे घेत आहोत. चार ओळी. फोन केला तर रिक्रूटर उचलत नाही. आमचे बाबा सकाळी उठून बघतात तर हा गॅलरीत बसलेला, रात्रभर झोपलेलाच नाही.

जुन्या कंपनीतल्या मॅनेजरने धावपळ करून राजीनामा मागे घ्यायला लावला, त्या माणसाचे उपकार आम्ही विसरणार नाही. पण त्या वर्षीची वाढ गेली आणि प्रोजेक्टही गेला. एका टिकमुळे. म्हणून प्राजक्त सडा, तुमचा तो प्रश्न शब्द न शब्द परत वाचा, मुलाखत म्हटलंय का प्रक्रिया म्हटलंय का अर्ज म्हटलंय, आणि कळत नसेल तर रिक्रूटरला मेलवर विचारा. फोनवर नको.

सह्यवाटा
आयटीतलं मला काही कळत नाही पण हाच प्रश्न मी वेगळ्या ठिकाणी चार वेळा भोगलाय म्हणून लिहितो.

एसएसबीला, म्हणजे सैन्यात अधिकारी निवडणाऱ्या बोर्डाच्या मुलाखतीला, गेलेल्यांना माहीत असेल, पहिल्याच दिवशी पीआयक्यू नावाचा फॉर्म भरून घेतात. घर, शिक्षण, खेळ, आईवडिलांचं उत्पन्न, आणि त्यातच एक तक्ता असतो, याआधी किती वेळा एसएसबी दिली, कोणत्या एन्ट्रीसाठी (भरतीच्या प्रकारासाठी), कोणतं बोर्ड, तारीख, चेस्ट नंबर (छातीवर लावायला मिळालेला क्रमांक), निकाल. मी भोपाळला स्क्रीन आउट (पहिल्याच चाळणीत बाहेर), अलाहाबादला कॉन्फरन्स आउट (शेवटच्या बैठकीपर्यंत जाऊन बाहेर), बेंगळुरूला परत कॉन्फरन्स आउट. चौथ्यांदा भोपाळला गेलो तेव्हा खोलीतला एक मुलगा म्हणाला, अरे भाई स्क्रीन आउट कशाला लिहितोस, एका दिवसाचं तर होतं, फ्रेशर वाटशील तर बरं. रात्री पेन हातात घेऊन बसलो होतो, खरंच मोह झाला होता.

नाही लपवलं. एक तर बोर्डाकडे नोंदी असतातच. दुसरं म्हणजे एकाच एन्ट्रीसाठी दुसऱ्यांदा जाणाऱ्याला प्रवासभत्ता मिळत नाही, पहिल्यांदा जाणाऱ्याला रेल्वेचं भाडं मिळतं, म्हणजे मी आधीची वारी लपवून भाड्याचा फॉर्म भरला असता तर ते पैशाचंही खोटं झालं असतं, आणि कुठे, तर सैन्यात अधिकारी व्हायला गेलो असताना.

इंटरव्ह्यूला समोर कर्नल साहेब होते. तीन ओळींवर बोट ठेवून म्हणाले, इन तीनो में क्या बदला? मी तयारी केली होती त्याची. पहिल्या वेळी चित्र बघून गोष्ट लिहिली आणि गटात बोललोच नाही, घाबरलो होतो. दुसऱ्या वेळी बोललो पण दुसऱ्याचं ऐकून घेतलं नाही. तिसऱ्यानंतर गावी जाऊन वर्षभर कबड्डीचा संघ चालवला, पोरं सांभाळली. हे सांगताना माझा आवाज अजिबात कापला नाही, कारण पाठ केलेलं नव्हतं. निवड तेव्हाही झाली नाही, कॉन्फरन्सलाच राहिलो आणि वय संपलं. आता साताऱ्यात सहकारी बँकेत आहे. पण ती २५-३० मिनिटं माझ्या आयुष्यातली सगळ्यात चांगली मुलाखत होती.

तुमच्याकडेही तो "निकाल काय" रकाना आहे ना, त्याच्या खाली "त्यानंतर काय केलं" लिहायला जागा आहे का बघा.

प्राजक्त सडा
सह्यवाटा, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. तीन ताल, भावाला माझा नमस्कार सांगा, वाचून पोटात गोळा आला.

रकान्यात २५० अक्षरं बसतात. पण कायद्याने मला सांगणं भाग आहे का, हे कोणाला माहितीये का?

काळा कोट
वकिली करतो, नोकरीचेच दावे जास्त. थोडक्यात सांगतो.

भारतीय करार कायदा १८७२, कलम १७. फसवणूक कशाला म्हणायचं ते तिथे दिलंय. खोटं ते खरं म्हणून सांगणं ही फसवणूक, माहीत असलेली गोष्ट मुद्दाम दडवणं ही पण फसवणूक. पण त्याच कलमाच्या स्पष्टीकरणात म्हटलंय की नुसतं गप्प बसणं ही फसवणूक नाही, बोलण्याचं कर्तव्य असेल किंवा गप्प राहणंच बोलण्यासारखं होत असेल तर गोष्ट वेगळी. म्हणजे कोणी विचारलंच नाही तर आपणहून मागच्या इंटरव्ह्यूंची यादी द्यायची सक्ती नाही. विचारलं आणि "नाही" वर टिक केलं तर ते गप्प बसणं राहत नाही, ते विधान झालं, आणि खाली सही.

सरकारी नोकरीत २०१६ मध्ये सुप्रीम कोर्टाचा अवतार सिंग विरुद्ध भारत सरकार हा निकाल आहे. तो गुन्ह्यांची माहिती लपवण्याबद्दल आहे, इंटरव्ह्यूबद्दल नाही, हे लक्षात घ्या. पण त्यातलं एक सूत्र मी अशिलांना नेहमी सांगतो : फॉर्ममधला प्रश्न नेमका हवा, मोघम नको, आणि जे नेमकं विचारलंय तेवढंच सांगणं बंधनकारक. तुमचा प्रश्न ६ महिने आणि "आमच्या कंपनीत" असा नेमका आहे. त्याचं उत्तर द्या. दुसऱ्या चार कंपन्यांचं त्यात काही नाही, ते लिहू नका.

कोरा कागद
म्हणजे कंपनीने प्रश्न नेमका विचारला की आपण बांधले गेलो. आणि आपण कंपनीला विचारू शकतो का, की माझ्याबद्दल मागच्या वेळी काय लिहून ठेवलंय?

काळा कोट
चांगला प्रश्न आहे. २०२३ चा डिजिटल व्यक्तिगत माहितीचा कायदा आहे, त्यात आपली माहिती काय ठेवलीय ते विचारायचा, चूक असेल तर दुरुस्त करून घ्यायचा आणि काम संपल्यावर पुसून टाकायला सांगायचा हक्क दिलाय. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, पण या तरतुदी लागू व्हायला तिथून १८ महिने दिलेत. त्यामुळे आज मागितलं तर कंपनी टाळू शकते. तरी मेल करून ठेवायला हरकत नाही.

नेकार काठ
श्टुटगार्टहून लिहितेय, आठ वर्षं झाली इथे. जर्मनीत नोकरी देणाऱ्याला काय विचारायचा हक्क आहे याचीच आधी हद्द ठरलेली आहे. गरोदर आहात का असं विचारलं तर तो प्रश्नच बेकायदा, आणि त्याला खोटं उत्तर दिलं तरी चालतं, कोर्टानेच तसं मान्य केलंय. पण प्रश्न कायदेशीर असेल तर उत्तर खरंच द्यावं लागतं. आणि नाकारलेल्या उमेदवाराची कागदपत्रं कंपन्या साधारण ६ महिन्यांत पुसतात, भेदभावाचा दावा करायची मुदत लक्षात घेऊन. त्यामुळे इथे वर्षाने परत गेलं की बऱ्याचदा खरोखर कोरी पाटी असते. भारतात तसं नाहीये, तिथली पाटी कोणी पुसत नाही असं धरूनच चाला.

खराडी बायपास
ताईंचा दुसरा प्रश्न राहिलाच, एजन्सीच्या फोनचा.

मी कन्सल्टन्सीत होतो तेव्हा आम्हाला हे शिकवलेलं. उमेदवाराला विचारायचं, अजून कुठे इंटरव्ह्यू चालू आहेत. त्याने नावं सांगितली की लगेच कळतं कुठल्या कंपनीत कुठली जागा उघडी आहे, संध्याकाळपर्यंत त्या कंपनीच्या एचआरला आमचा मेल, तुमच्याकडे ऑटोमेशनची जागा आहे ना, आमच्याकडे पाच प्रोफाइल आहेत. म्हणजे ताई, तुम्ही ज्या जागेसाठी झगडताय तिथे तुमच्याच शब्दावरून पाच जण जास्त. मी स्वतः हे केलंय आणि त्याचं मला वाईट वाटतं.

त्यांना एवढंच सांगायचं, "दोन ठिकाणी प्रोसेस चालू आहे, एका ठिकाणी शेवटचा राउंड राहिलाय." नाव विचारलं तर, "ते सांगता येणार नाही." रागावत नाही कोणी, सवय असते. फक्त जी नाहीये ती ऑफर आहे म्हणून सांगू नका, लगेच म्हणतात लेटर पाठवा, आणि मग लोक खोटी लेटरं बनवायला बसतात.

आणि एक, खूप लोक विचारतात म्हणून. पीएफच्या यूएएनमध्ये तुम्ही कुठे नोकरी केली, कधी लागलात, कधी सोडली ते दिसतं. कुठे इंटरव्ह्यू दिला ते दिसत नाही. दुसऱ्या कंपनीत नापास झालात ते कुठल्याही व्हेरिफिकेशनमध्ये येत नाही, ती भीती मनातून काढा.

प्राजक्त सडा
हे लिहिलंय, कसं वाटतंय सांगा :

"होय. ९ फेब्रुवारी, सीनियर टेस्ट इंजिनिअर, दुसऱ्या तांत्रिक फेरीत निवड झाली नाही. त्या दिवशी मुलगी आजारी होती. त्यानंतर एपीआय ऑटोमेशनचं काम सध्याच्या प्रोजेक्टमध्ये मागून घेतलं, आजपर्यंत ४० टेस्ट केसेस लिहिल्या."

तीन ताल
मुलीचं काढून टाक गं. ते त्यांना सांगायचं नाही.

खराडी बायपास
तेच म्हणणार होतो. बाकी उत्तम. ४० चा आकडा खरा आहे ना? मग राहू दे, त्यावरच प्रश्न विचारतील.

कोरा कागद
मीही तेच म्हणेन, मुलीचं नको. आणि माझं मत अजून पूर्ण बदललेलं नाही, पण तीन तालच्या भावाचं वाचल्यावर मी "नाही लिही" असं कोणाला सांगणार नाही. माझं निभावलं, एवढंच.

प्राजक्त सडा
अपडेट देतेय, उशीर झाला, सॉरी.

मुलीची ओळ काढून शनिवारी सकाळी सबमिट केलं. मैत्रिणीला बोनसचं आधीच सांगितलं, ती म्हणाली वेडी आहेस का, बोनससाठी करतेय का मी. मंगळवारी त्यांच्या रिक्रूटरचा फोन आला. तिने जुना रेकॉर्ड समोरच उघडला होता, मला वाचून दाखवला, "टेस्टिंगची समज चांगली, कोडिंगमध्ये कमी, नंतर परत विचार करता येईल." चार महिने मी समजत होते की तिथे माझ्याबद्दल काहीतरी भयंकर लिहिलं असेल.

मॅनेजरने सूट मिळावी म्हणून लिहून दिलं होतं पण वरून नकार आला, त्यांचे ६ महिने सगळ्या कंपनीला सारखेच आहेत. ९ ऑगस्टनंतर परत अर्ज करायला सांगितलंय. ही जागा तोपर्यंत भरेल, ते तिने स्पष्ट सांगितलं. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू, फोन ठेवून थोडा वेळ नुसती बसून राहिले. संध्याकाळी परत कोड लिहायला बसले, लूपवालाच, वेळ लावून.

खराडी बायपास
९ ऑगस्टला जुनी लिंक चालणार नाही, मैत्रिणीला रेफरल नव्याने काढायला सांगा. आणि त्या रिक्रूटरला आजच दोन ओळींचा मेल टाका, फोनवर काय ठरलं त्याचा, तारखेसकट.

प्राजक्त सडा
मेल टाकला. उत्तर पण आलं लगेच, "नोंद केली आहे."